मत्स्यबीजाची वंशावळ मागण्याचा हक्क

निपाणी, चिकोडी, रायबाग किंवा अथणी भागातला ऊस उत्पादक बेणे घेताना ते कोणत्या मळ्यातले आहे, लावणीचे आहे की खोडव्याचे, को ८६०३२ हा वाण म्हणून देत आहेत तो खरोखर तोच आहे की त्यात भेसळ आहे, हे विचारल्याशिवाय ट्रॉली भरू देत नाही. तोच शेतकरी शेततळ्यात सोडण्यासाठी रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, घेतो, तेव्हा मात्र ‘हजाराला काय दर’ एवढ्यावर त्याची चौकशी संपते. दोष त्याचा नाही. बीज विकणाऱ्याकडे या बीजाच्या आईबापांची नोंद नसते, संस्थेच्या पावतीवर तसा रकाना नसतो आणि विचारावे असे त्याला आजवर कोणी सांगितलेलेही नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की मत्स्यबीजाची वंशावळ मागणे हा तळेधारकाचा हक्क मानला गेला पाहिजे आणि ती देणे हे मत्स्यबीज केंद्राचे कर्तव्य ठरले पाहिजे. हे होत नाही तोवर माशांच्या आनुवंशिकीवर देशात आणि जगात चाललेले मोलाचे संशोधन बेळगाव जिल्ह्याच्या पाण्यापर्यंत पोहोचणार नाही.

हे संशोधन आता काही मोजक्या प्रयोगशाळांपुरते राहिलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात जलचर प्राण्यांचे संवर्धनातून मिळालेले उत्पादन ९.४४ कोटी टनांवर गेले आणि मासेमारीतून मिळालेल्या उत्पादनापेक्षा ते पहिल्यांदाच जास्त भरले. याचा अर्थ माणूस आता खातो त्या माशांपैकी मोठा हिस्सा पाळीव झाला आहे, आणि पाळीव प्राण्याच्या बाबतीत जो प्रश्न माणसाने हजारो वर्षे विचारला, म्हणजे पुढच्या पिढीचे आईबाप कोणते निवडायचे, तो माशांबाबतही विचारणे भाग आहे. नॉर्वेने तो १९७० च्या दशकात सालमन माशाबद्दल विचारला आणि देशातल्या चाळीसएक नद्यांमधून मूळ साठा गोळा करून पिढ्यान् पिढ्या निवड पद्धतीने पैदास केली. फिलिपाइन्समध्ये १९८८ साली आफ्रिकेतून आणलेल्या आणि आशियात पाळल्या जाणाऱ्या चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) जाती एकत्र करून ‘गिफ्ट’ या नावाने ओळखली जाणारी सुधारित चिलापी तयार करण्याचे काम सुरू झाले. आपल्याकडे भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सीफाने, नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साह्याने १९९२ साली रोहूवर हाच प्रयोग हाती घेतला. तरीही या विषयातल्या अभ्यासकांनी २०१२ साली हिशेब मांडला तेव्हा जगातल्या एकूण मत्स्यसंवर्धनापैकी दहा टक्क्यांहूनही कमी उत्पादन अशा पद्धतशीर सुधारलेल्या साठ्यांतून येत असल्याचे दिसले. गहू, भात, कोंबडी, दुभती गाय यांच्याशी ताडून पाहिले तर ही तफावत किती मोठी आहे हे कळते. ज्ञान तयार आहे, पण ते बीजाच्या पिशवीत उतरत नाही, आणि ते का उतरत नाही हा विज्ञानापेक्षा व्यवस्थेचा प्रश्न आहे.

सीफाने रोहूचे काय केले ते थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांमधले रोहू आणि संस्थेच्या तळ्यातले रोहू एकत्र आणले गेले. प्रत्येक नर-मादीच्या जोडीची पिल्ले वेगळी वाढवली गेली, ती पुरेशी मोठी झाल्यावर प्रत्येकाच्या अंगात दहा-बारा मिलिमीटर लांबीची ओळखखूण बसवली गेली आणि मग सगळी कुटुंबे एकाच तळ्यात सोडून त्यांची वाढ मोजली गेली. पाणी तेच, खाद्य तेच, तरी एक कुटुंब दुसऱ्यापेक्षा सरस ठरले, तर तो फरक बराचसा रक्तातला आहे असे मानता येते. त्या सरस कुटुंबांमधून पुढचे जनक निवडले गेले. दर पिढीला वाढीत सरासरी सुमारे सतरा टक्के सुधारणा मिळाली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ साली, ही जात ‘जयंती रोहू’ या नावाने बाहेर आली. पुढे एरोमोनास या जिवाणूमुळे होणाऱ्या रोगाला टिकून राहणारे रोहू निवडण्याचे कामही झाले, आणि त्याच संस्थेतून सुधारित कटला आणि सुधारित गोड्या पाण्यातील झिंगेही तयार झाले.

यात जनुकांची कापाकापी कुठेही नाही, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण ‘जनुकीय सुधारणा’ हे शब्द ऐकले की आपल्या गावांत लगेच शंका निघते. अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळालेला, दुसऱ्या माशाचे जनुक घातलेला सालमन ही एक गोष्ट आहे. जपानमध्ये २०२१ साली विक्रीस आलेले जनुकसंपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकात बदल केलेले, मासे ही दुसरी गोष्ट आहे. जयंती रोहू या दोन्हींत मोडत नाही, त्याच्यात रोहूखेरीज कोणाचेही रक्त नाही. पहिल्या दोन तंत्रांवर ज्यांना आक्षेप आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, पण त्या आक्षेपाचे ओझे निवड पद्धतीच्या पैदाशीवर टाकू नये.

आता आपल्या भागाकडे येऊ. कर्नाटकातल्या कार्प, म्हणजे रोहू-कटला वर्गातल्या, माशांच्या अठरा मत्स्यबीज केंद्रांचा अभ्यास एकनाथ आणि डॉयल या दोन शास्त्रज्ञांनी १९९० साली प्रसिद्ध केला होता. तळ्यात जनक मासे किती आहेत हे मोजून ते थांबले नाहीत. पुढच्या पिढीला प्रत्यक्षात किती माशांचे रक्त पोहोचते याचा हिशेब त्यांनी केला. तो आकडा काही केंद्रांत तीस, तर काही केंद्रांत अवघा तीन इतका खाली होता, आणि त्यावरून दर पिढीला रक्तसंकर, म्हणजे जवळच्या नात्यातल्या माशांचा आपसांतला संकर, दोन ते सतरा टक्क्यांनी वाढत असावा असे त्यांचे अनुमान होते. सामान्य शिस्त अशी सांगते की हा वेग पिढीला एका टक्क्याच्या आत ठेवायचा असेल तर किमान पन्नास परिणामकारक जनक, म्हणजे ज्यांचे रक्त खरोखर पुढे पोहोचते असे, हवेत. त्या अभ्यासाला आता साडेतीन दशके होत आली आहेत. आपल्याच राज्याबद्दलचे हे निष्कर्ष मत्स्यव्यवसायाच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

असे का होते हे समजून घेतले तर केंद्रचालकाला लगेच दोषी ठरवावेसे वाटणार नाही. पाऊस सुरू झाला की गोलाकार हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवणी केंद्राच्या, टाकीत संध्याकाळी निवडक नर-माद्यांना संप्रेरकाचे इंजेक्शन दिले जाते. पहाटेपर्यंत माद्या अंडी सोडतात, साधारण पंधरा-अठरा तासांत ती फुटतात आणि तिसऱ्या दिवशी मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच फुटलेली बारीक पिल्ले, फडक्यात गाळून, वाटीने मोजून ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले जाते. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. म्हणजे तीन-चार किलोच्या मोजक्याच माद्यांवर एखाद्या लहान केंद्राची हंगामाची मागणी भागते. पन्नास जनक पाळण्याचा खर्च करून पाचावर काम होत असेल तर उरलेले पंचेचाळीस बाजारात विकण्याचा मोह कोणालाही होईल. नर त्याहून कमी वापरण्याचा मोहही होऊ शकतो. इथे आकड्यांचा खेळ निष्ठुर असतो: पन्नास माद्या आणि दोनच नर वापरले, तर मासे बावन्न दिसतात, पण आनुवंशिकीच्या हिशेबात ते आठही भरत नाहीत.

त्यातून आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला रक्तसंकराहूनही काळजीची वाटते. तळ्यातला सर्वांत मोठा, सर्वांत जोमदार मासा बाजारात चांगला दर आणतो, म्हणून तो आधी विकला जातो, आणि जे मागे राहतात तेच पुढच्या वर्षीचे जनक होतात. हंगामाच्या सुरुवातीला बीजाला मागणी जास्त असते, म्हणून जे मासे लवकर गाभोळीला येतात त्यांनाच पहिले इंजेक्शन मिळते. कोणीही ठरवलेले नसताना दर वर्षी सावकाश वाढणाऱ्या आणि लवकर वयात येणाऱ्या माशांची निवड होत राहते. भुवनेश्वरमध्ये शास्त्रज्ञ घाम गाळून जे काम एका दिशेने करतात, तेच काम खेड्यातल्या तळ्यावर उलट्या दिशेने, तितक्याच नेमाने चालू असते. भरीस भर म्हणून एकाच टाकीत रोहू, कटला आणि मृगळ एकत्र सोडल्याने त्यांचे संकरही होतात, आणि बोटुकलीच्या आकारात हे संकर शेतकऱ्याला डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

वर्षभर खाद्य घालूनही मासा अर्ध्या किलोच्या पुढे सरकला नाही, ही तक्रार आपल्या भागात नवीन नाही. कारण खाद्य असू शकते, गर्दी असू शकते, उन्हाळ्यात आटलेले पाणी असू शकते, आणि बीजही असू शकते. बीजाची नोंदच नसेल तर ही कारणे एकमेकांपासून वेगळी कशी करायची? वंशावळ मागण्याचा खरा उपयोग इथे आहे. दोन शेजारी शेततळ्यांत एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या केंद्रांचे बीज सोडले आणि दोन्हींच्या पावत्या जपून ठेवल्या, तर शेतकरी स्वतःच पारखू शकतो, त्याला शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

केंद्रचालकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. बीजाचा दर इतका पडलेला असतो की नोंदवह्या, खुणा, जास्तीचे जनक यांचा खर्च त्यातून निघत नाही, आणि शेजारचा केंद्रचालक हे काहीच न करता स्वस्तात विकत असेल तर प्रामाणिक माणूसच बुडतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या सचोटीवर सोडता येत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या कक्षेत मत्स्यबीज येत नाही. आसामने २००५ साली, आंध्र प्रदेशाने २००६ साली आणि केरळने २०१४ साली मत्स्यबीजासाठी स्वतंत्र कायदे केले. कायदा केला की सगळे सुधारते असे मी म्हणत नाही, पण सर्वांना सारखा नियम असला की नोंद ठेवणाऱ्याचे नुकसान होत नाही, एवढे नक्की. सुरुवातीला नियम मोठा नको. जनक कोठून आणले, किती नर आणि किती माद्या वापरल्या, बाहेरचे नवे जनक शेवटचे कधी आणले, आणि तिन्ही जाती वेगळ्या टाक्यांत पैदा केल्या का, एवढी चार उत्तरे पावतीवर छापली तरी बाजाराची रीत बदलायला सुरुवात होईल.

नवे रक्त आणणेही आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची जनक-माशांची बँक कौसल्यागंगेला आहे, आणि लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने कार्प माशांचे वीर्य गोठवून साठवण्याचे तंत्र विकसित केले आहे. जिवंत मासे शेकडो किलोमीटर वाहून आणण्यापेक्षा द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून वीर्य आणणे कितीतरी सोपे. अशी भांडी म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या गावागावांत रोज फिरत असतात, ती भरण्याची, सांभाळण्याची सवय असलेली माणसे आपल्याकडे आहेत. दूध संघ आणि मच्छीमार सहकारी संस्था यांनी एकत्र बसून याचा विचार करण्यासारखा आहे.

सुधारित जात आणली की झाले, असेही समजू नये. ओडिशात, पोटभर खाद्य मिळालेल्या तळ्यात सरस ठरलेला मासा खानापूरच्या गावतळ्यात, जिथे पावसाळा संपून काही महिन्यांत पाणी खाली जाते, किंवा अथणी-कागवाडच्या क्षारपड रानात खोदलेल्या तळ्यात तितकाच सरस ठरेल याची खात्री इथे चाचणी केल्याशिवाय देता येत नाही. हा मुद्दा पुस्तकी नाही, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, आपल्या उथळ तळ्यांत सहा महिन्यांतच वयात येतो, तळ्यातच अंडी घालतो आणि तळे बारीक माशांनी भरून जाते. त्यावर उपाय म्हणून बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे हंगेरीहून आणलेल्या ‘अमूर’ या जातीची पारख झाली, ती उशिरा वयात येणारी आणि जलद वाढणारी निघाली, आणि मग ती शेतकऱ्यांना दिली गेली. आधी इथल्या तळ्याचा प्रश्न नेमका ओळखला, मग त्याला जुळणारे रक्त शोधले, हा क्रम योग्य होता. उसाला अमाप पाणी देऊन कृष्णाकाठची जी जमीन क्षारपड झाली आहे, तिच्यासाठी असा शोध अजून व्हायचा आहे. मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांनी शेतकऱ्यांच्याच तळ्यांत जयंती रोहू, अमूर आणि आजचे बाजारातले बीज शेजारी शेजारी वाढवून वजनाचे आकडे जाहीर केले, तर त्या आकड्यांना कोणत्याही जाहिरातपत्रकापेक्षा जास्त किंमत येईल. ते आकडे कानडीबरोबर मराठीतही छापले जावेत, कारण निपाणी-खानापूर पट्ट्यातले अनेक तळेधारक शेतीविषयक मजकूर मराठीतच नीट वाचतात.

शिंपल्यांबद्दल थोडेच लिहितो, कारण ते आपल्या घाटाखालचे काम आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी रॉक जातीच्या कालवांची रोगाला टिकणारी वाणे निवड पद्धतीने तयार झाली आहेत. बेळगावच्या बाजारात कारवारच्या काळी नदीच्या खाडीतून तिसऱ्या नावाचे शिंपले आणि कालवे येतात, पण तिथे निवड पद्धतीच्या पैदाशीचा विचार करण्याआधी खाडीतले नैसर्गिक साठे टिकवणे हेच पहिले काम आहे.

कोळंबीच्या बाबतीत मात्र आपल्याला मिळालेला धडा कार्प माशांसाठी फार महत्त्वाचा आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने १९९०च्या दशकात वाघी कोळंबीचा धंदा झोपवला, आणि २००९ साली व्हॅनामेई ही परदेशी कोळंबी रोगमुक्त जनकांसह आणण्यास परवानगी मिळाल्यावर किनारपट्टीचा व्यवसाय पुन्हा उभा राहिला. पण त्या जनकांसाठी आपण परदेशी कंपन्यांवर अवलंबून राहिलो. म्हणून २०२३ साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेत भारतीय पांढऱ्या कोळंबीच्या आनुवंशिक सुधारणेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करावा लागला. रोहू-कटल्याच्या बाबतीत सुधारित साठा आज सरकारी संस्थेच्या हाती आहे. आपल्याकडचे तळेधारक अर्धा-एक एकरवाले आहेत, आणि अशा माणसासाठी ही पैदास सार्वजनिक पैशातूनच चालली पाहिजे. खासगी कंपनीने बीज वाढवून विकायला हरकत नाही, पण मूळ वंश आणि त्याच्या नोंदी लोकांच्या मालकीच्या राहिल्या पाहिजेत.

इथवर सगळे बंदिस्त पाण्याबद्दल झाले. नदीचा हिशेब वेगळा आहे, आणि हे दोन हिशेब एकत्र केले तर मोठी हानी होईल. रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात उत्तरेतल्या नद्यांचे मासे आहेत. कृष्णा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मलप्रभा या आपल्या नद्यांचे स्वतःचे मासे आहेत. त्यांत दख्खनी महसीर आहे, शास्त्रज्ञ ज्याला लेबिओ फिम्ब्रिएटस म्हणतात तो झालरी ओठांचा मासा आहे. सुधारित साठा मुद्दाम एका दिशेने घडवलेला असतो, तो तळ्यात खाद्यावर वाढण्यासाठी असतो. तो नदीत मिसळला तर काय होते ते नॉर्वेने पाहिले आहे. तिथे तपासलेल्या जंगली सालमनच्या सुमारे दोन तृतीयांश साठ्यांत पाळीव सालमनच्या जनुकांची सरमिसळ आढळली. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. लोणावळ्यात पैदास झालेला दख्खनी महसीर कावेरीत सोडला गेला. हेतू चांगला होता, महसीर वाचवण्याचा होता, पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर त्या पाण्यात मागे पडत गेला, आणि २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका खोऱ्याचा मासा दुसऱ्या खोऱ्यात परकाच असतो, हे कर्नाटकाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

आपल्याकडे धोका आणखी जवळ आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आणि दूधगंगेचे पाणी चिकोडी, निपाणी आणि अथणी तालुक्यांत उसाच्या शेंड्यांवरून वाहिले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा वेळी काठावरचे शेततळे आणि नदी यांच्यात काहीच अंतर उरत नाही, तळ्यातले सगळे नदीचे होते. म्हणून पूररेषेच्या आत कोणते बीज पाळायला परवानगी द्यायची याचा विचार बीजाच्या वंशावळीशिवाय करता येणार नाही. दुसरे असे की दूधगंगेचा काळम्मावाडी प्रकल्प महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा सामाईक आहे. वरच्या जलाशयात एका राज्याने जे सोडले ते खाली सदलग्याच्या जाळ्यात येते. सीमेचा वाद आपल्या जागी आहे, त्यावर आमच्या भागाच्या भावना काय आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या मी इथे बाजूला ठेवायला सांगत नाही. पण कोणत्या जलाशयात कोणत्या साठ्याचे किती बीज सोडले याची एकच सामाईक नोंदवही दोन्ही राज्यांच्या मत्स्यव्यवसाय विभागांनी ठेवायला त्या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही.

नद्या आणि मोठ्या जलाशयांसाठी, म्हणजे हिडकल आणि नविलुतीर्थसारख्या धरणांसाठी, त्याच खोऱ्यातल्या माशांचे बीज तयार झाले पाहिजे, आणि तेही निवड न करता, शक्य तितक्या जास्त जनकांपासून. झालरी ओठांच्या त्या माशावर सीफाच्या बेंगळुरू येथील केंद्रात पैदाशीचे काम झालेले आहे, म्हणजे तंत्र हाताशी आहे. हवे आहेत ते दूधगंगेपासून मलप्रभेपर्यंतच्या प्रत्येक नदीतून, ठिकाणाची नोंद ठेवून गोळा केलेले जनक. ते कुठल्या डोहात, कोणत्या महिन्यात मिळतात हे इथल्या भोई आणि कोळी कुटुंबांना माहीत आहे, आणि या कामात त्यांना रोजंदारीवरचे मजूर म्हणून न घेता मच्छीमार संस्थांमार्फत, नोंदीवर नाव घालून, मोबदल्यासह सहभागी करून घेतले पाहिजे. तोवर निदान या दोन धरणांत सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक खेपेसोबत ते बीज कोठल्या जनकांचे आहे हे सांगणारा कागद यावा, आणि तो कागद नसेल तर ती खेप उतरवून घ्यायला संस्थेने नकार द्यावा.